कामं वाटतो, निर्णय वाटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ओपन सोर्स सॉफ्टवेअरवरचा (म्हणजे ज्यांचा मूळ कोड, सोर्स, कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवरचा) लेख वाचला. माहिती नेटकी होती, भाषाही सोपी होती. शेवटच्या दोन परिच्छेदांपाशी मात्र माझी पेन्सिल थांबली. (पेन्सिल सवयीने हातात असते. पोटापाण्याचा व्यवसाय मुद्रितशोधनाचा.) लेखकाचं म्हणणं असं की, ही सॉफ्टवेअर चांगली असूनही लोकांपर्यंत पोचत नाहीत, कारण प्रसाराला पैसा नसतो आणि फुकट राबायला माणसं मिळत नाहीत. पैशाचं खरं आहे. माणसांचं खरं नाही. गेली नऊ वर्षं मी अशाच एका प्रकल्पाच्या प्रसार-गटात आहे, त्यातली सहा वर्षं समन्वयक म्हणून. माणसं मिळतात. मिळतात आणि जातात. ती का जातात याचं उत्तर बऱ्याच अंशी माझ्यासारख्या समन्वयकांकडे आहे, म्हणून हे पत्र. लांबेल, याची कल्पना आहे.

प्रकल्पाचं नाव सांगत नाही. पुढे ज्या चुका येतील त्या माझ्या आहेत, त्या प्रकल्पाच्या माथी कशाला मारू? लिहिण्या-वाचण्याशी संबंधित एक लहानसं सॉफ्टवेअर आहे, एवढं पुरे. मला कोडची एक ओळ लिहिता येत नाही. मी तिथे गेले ती मदतपुस्तिकेतल्या चुका कळवायला. चौथ्या मेलनंतर पलीकडून कुणीतरी विचारलं, "ताई, तुम्हीच का नाही बघत हे सगळं?" आणि मी हात वर केला.

हात वर करणे या शब्दप्रयोगाची मराठीत मोठी गंमत आहे. "मी करतो" म्हणूनही माणूस हात वर करतो आणि "आता माझ्याच्यानं होणार नाही" म्हणूनही हातच वर करतो. आमच्या गटात पहिल्या अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंतचा प्रवास बराच काळ साधारण तीन महिन्यांत उरकत असे. आम्ही त्याला लोकांची चंचलता म्हणायचो. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कोण किती दिवस भाजणार, असं म्हणून एकमेकांची समजूत घालायचो.

बाहेरच्या माणसाला या कामाचा अंदाज नसतो, म्हणून थोडं सांगते. नवी आवृत्ती यायची म्हटलं की निवेदन लिहायचं, त्याची भाषांतरं करून घ्यायची, नवे स्क्रीनशॉट काढायचे (जुने तसेच राहिले तर लोक "हे बटण कुठे आहे?" म्हणून महिनाभर विचारत राहतात), दोन मिनिटांची चित्रफीत करायची, पत्रकारांना मेल पाठवायचे, संमेलनात टेबल मिळालं असेल तर तिथे कोण उभं राहणार ते ठरवायचं, स्टिकर छापायचे. त्यानंतर आठवडाभर "हे फुकट कसं काय? यात तुमचा फायदा काय?" या प्रश्नाला न चिडता उत्तरं द्यायची. हे शेवटचं काम यादीत कधीच नसतं आणि सगळ्यांत जास्त माणसं तेच खातं.

हे सगळं प्रोग्रामरांच्या कामाला जोडलेलं शेपूट आहे असं अनेकांना वाटतं. मुळात "ओपन सोर्स" हा शब्दच प्रसाराच्या गरजेतून आला. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला करायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही मंडळी जमली. "फ्री सॉफ्टवेअर" या आधीच्या नावातला फ्री म्हणजे मुक्त, पण लोकांना फुकट एवढंच ऐकू येतं, ही अडचण होतीच. नवा शब्द सुचला होता तो ख्रिस्तीन पीटरसन यांना. त्यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे, त्या बैठकीत त्यांनी तो प्रस्ताव म्हणून मांडला नाही. त्यांच्या ओळखीच्या एकाने तो सहज बोलण्यात वापरला, आणि थोड्या वेळाने बाकीचेही वापरू लागले. मला हा प्रसंग फार आवडतो. शब्द एकाचा, रुजवला दुसऱ्याने, आणि मधे कुणी "आधी मला दाखवा" म्हणणारं नव्हतं.

फायरफॉक्स या ब्राउझरचं उदाहरण आपल्या लेखात होतं, पण एका वाक्यात उरकलेलं. ९ नोव्हेंबर २००४ ला त्याची १.० आवृत्ती आली आणि १६ डिसेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात आली. पैसे वापरणाऱ्यांनीच जमवले होते आणि देणाऱ्यांची नावं जाहिरातीत छापली होती, दहा हजारांच्या आसपास. लोकांना ती जाहिरात आठवते. मला दिसतो तो बारीक टाइपातला दहा हजार नावांचा मजकूर आणि तो तपासायला बसलेला कुणी बिचारा. १.० आवृत्तीच्या आधी काही आठवड्यांपासून 'स्प्रेड फायरफॉक्स' ही मोहीम चालू होती. आपल्या साइटवर बटण लावा, त्यावरून कुणी डाउनलोड केलं की तुमच्या नावावर गुण. काम इतकं लहान आणि इतकं उघड की विचारायला काही उरतच नव्हतं. हजारो लोक सामील झाले ते म्हणून.

पण बटण लावणाऱ्या हजारोंना सांभाळणं त्या मानाने सोपं. अवघड असतात ते मधले बारा-पंधरा, ज्यांच्याकडे निवेदन असतं, यादी असते, खात्याचा पासवर्ड असतो. प्रकल्प लहान असो की मोठा, मधलं हे कडं साधारण तेवढंच असतं, आणि सगळी पडझड तिथे होते. गुण देऊन हे कडं धरून ठेवता येत नाही. आम्ही दर महिन्याला "सर्वाधिक पोस्ट करणारे" अशी यादी लावून पाहिली होती. दुसऱ्याच महिन्यात एकाने एकच वाक्य सत्तावीस ठिकाणी चिकटवलं. ओपन सोर्स प्रकल्पांना हातभार लावण्याचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरात असतो, २०२० साली त्यातही हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा असा नियम होता. लोकांनी प्रकल्पांच्या माहिती-फायलींत "छान प्रकल्प" असले शब्द घालून बदलांचा पाऊस पाडला, आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम फिरवावा लागला. ज्या प्रकल्पांना यायचं असेल तेच यात येतील, असं ठरलं.

आता माझी गोष्ट.

चौथ्या वर्षी कॉलेजातला एक मुलगा गटात आला. संमेलनातल्या टेबलामागे लावायला पोस्टर हवं होतं, ते त्याने मागून घेतलं. दोन रात्री जागला असावा. गडद निळी पार्श्वभूमी, मधोमध एकच भलामोठा स्वल्पविराम आणि खाली प्रकल्पाचं नाव. स्वल्पविराम का, हे मला आजही सांगता येणार नाही, पण नजर तिथे थांबत होती. मी त्याला अकरा दुरुस्त्या पाठवल्या. क्रमांक घालून. निळा जरा फिका हवा, स्वल्पविराम लहान हवा, नाव वर घ्या, खाली वैशिष्ट्यांच्या चार ओळी द्या, असं चाललेलं. अकरातली खरी चूक एकच होती, आणि ती सातव्या क्रमांकावर होती. आवृत्ती ५.२ होती आणि पोस्टरवर ५.१ पडलं होतं. उरलेल्या दहा माझ्या आवडी होत्या.

त्याने त्या दहाही केल्या. सातवी नेमकी राहिली. ती राहिली हे माझ्याही लक्षात आलं नाही, कारण बदललेलं पोस्टर पाहून मला आणखी चार गोष्टी सुचल्या होत्या. त्या पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं, "ताई, मग तुम्हीच करा की." सोबत मूळ फाइल जोडली होती, सगळे लेअर सुटे ठेवून, म्हणजे मला बदल करायला सोपं जावं. त्या वाक्यात राग असता तर बरं झालं असतं. तो नंतर आला नाही. पोस्टर मी पुरं केलं. फिकट निळं, चार ओळींचं, कुणाच्या लक्षातही राहणार नाही असं. छापून आलं तेव्हा पाहिलं, तर त्यावर ५.१ च होतं. दहा आवडी निस्तरण्याच्या नादात चूक मुद्रितशोधकाच्या हातून सुटली.

तरी मी शहाणी झाले नाही. तेव्हा मी असं समजत होते की कामं वाटली म्हणजे जबाबदारी वाटली. हिशेब मांडला तर याचा दोष दिसतो. ५ माणसं असली तर एकमेकांशी बोलायच्या वाटा १०, १२ झाली की ६६, आणि ३० झाली की ४३५. इतक्या वाटांचा गोंधळ नको म्हणून मी सगळ्या वाटा माझ्याकडे वळवल्या होत्या. कागदावर फार छान दिसतं, ३० माणसं आणि २९ वाटा. पण त्या सगळ्या एकाच दाराशी येऊन थांबतात, आणि दार रात्री अकराला मिटतं. आमचे लोक जगभर विखुरलेले. कुणाच्या सकाळी विचारलेल्या प्रश्नाला माझ्या सवडीने उत्तर जायचं, तोवर त्याची सवड संपलेली असायची. माणूस तीनदा असा ताटकळला की चौथ्यांदा विचारत नाही.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस स्क्रीन बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. नव्या आवृत्तीची तारीख नेमकी त्यातच आली. सोशल मीडियाच्या खात्यांचे पासवर्ड माझ्याकडे. पत्रकारांची यादी माझ्या मेलमध्ये. निवेदनाचा मसुदा माझ्या संगणकात "अंतिम_खरंच_अंतिम_३" या नावाच्या फाइलीत. प्रोग्रामर मंडळींनी चार दिवस वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच निवेदन लिहून साइटवर टाकलं. पहिलं वाक्य होतं, "या आवृत्तीत चारशेहून अधिक बग दुरुस्त केले आहेत." त्यांच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट होती, आणि तसं पाहिलं तर होतीच. खाली पहिली प्रतिक्रिया आली, "म्हणजे आजवर आम्ही चारशे चुका असलेलं सॉफ्टवेअर वापरत होतो का?" याला चार समजुतीचे शब्द सांगता येतील अशी माणसं गटात होती. पण खात्यात शिरायला पासवर्ड कुणाकडेच नव्हता.

मी परत आले तेव्हा एक जण म्हणाला, "तुमच्याशिवाय चालत नाही हो ताई." दोन दिवस मला ती स्तुती वाटत होती.

त्यानंतर बाकीचे लोक हे कसं करतात ते मी शोधायला लागले, आणि डेबियनच्या घटनेपाशी येऊन पोचले. डेबियन हा ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा, १९९३ साली सुरू झालेला जुना प्रकल्प. १९९८ मध्ये त्यांनी स्वतःची रीतसर घटना लिहून घेतली. कायद्याची भाषा मला कंटाळवाणी वाटते, पण यातली दोन कलमं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. एका कलमाचा आशय असा की, या घटनेमुळे कुणावरही काम करण्याचं बंधन येत नाही. सोपवलेलं काम ज्याला करायचं नसेल त्याने ते केलं नाही तरी चालेल, फक्त त्याने नियमांच्या विरोधात खटपट करू नये. आपल्याकडे स्वयंसेवकांना हे कुणी लिहून देत नाही. आपण ते मनात धरतो आणि त्याचा राग मात्र करत राहतो.

दुसरं कलम प्रतिनिधींबद्दल आहे. प्रकल्पाचा निवडून आलेला नेता कामं सोपवण्यासाठी प्रतिनिधी नेमतो. हवा तेव्हा त्यांना बदलूही शकतो. पण एखादा निर्णय अमुक असाच घ्यायचा, अशी अट घालून तो कुणाला नेमू शकत नाही. आणि प्रतिनिधीने एकदा घेतलेला निर्णय नेत्याला फिरवता येत नाही. माणूस बदला, त्याचा निर्णय बदलू नका. मी हे वाचलं आणि त्या निळ्या पोस्टराची आठवण झाली. माझ्याकडे अगदी उलट चाललं होतं. माणूस कधी बदलत नव्हते, निर्णय मात्र सगळ्यांचे फिरवत होते, आणि माणसं आपली आपण बदलत होती.

त्याच आठवड्यात मी एक तक्ता केला. काम काय, काम कोणाचं, निर्णय कोणाचा, कधीपर्यंत, आणि नसल्यास कोण. चौदा ओळी भरल्या. "काम कोणाचं" या रकान्यात नऊ वेगवेगळी नावं आली. "निर्णय कोणाचा" हा रकाना भरून वर पाहिलं, तर चौदाही ठिकाणी मीच. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. हात आपोआप चालला होता. तो तक्ता गटापुढे ठेवायची मला लाज वाटली, म्हणून त्या रात्री पुन्हा बसले आणि एकेक नाव खोडत गेले. दहा खोडली. चार राहिली, त्यातली दोन पुढच्या वर्षी गेली.

पहिलं मोठं काम सोडलं ते आवृत्तीच्या निवेदनाचं. एका शाळाशिक्षिकेने ते घेतलं. आम्ही ठरवून घेतलं की मी चारच गोष्टी तपासणार. आवृत्तीचा क्रमांक, तारीख, डाउनलोडचा दुवा आणि परवान्याचं नाव. या चार ठिकाणी चूक असली तर ती चूक. बाकी कुठे मला काही खटकलं तर ती माझी आवड, आणि आवड फार तर एका ओळीत कळवायची, उत्तराची अपेक्षा न ठेवता. तिने निवेदनाची सुरुवात वैशिष्ट्यांनी केलीच नाही. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, मोठी फाइल उघडायला फार वेळ लागतो. बरोबर होतं तुमचं," अशी केली. मी असं जन्मात लिहिलं नसतं. चूक आधी कबूल करून निवेदन सुरू करतात का कुठे? दोन ठिकाणच्या बातम्यांत तेच वाक्य जसंच्या तसं आलं. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला आहे. तो अजून तिथेच आहे. अधूनमधून मी जाऊन पाहून येते.

आणखी एक सवय अपाचे फाउंडेशन या अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांकडून घेतली. तिथे "आळशी सहमती" म्हणतात ती पद्धत चालते. आपण काय करणार ते सगळ्यांपुढे मांडायचं, सहसा ७२ तास थांबायचं, आणि कुणी कारणासह हरकत घेतली नाही तर ती संमती धरून कामाला लागायचं. त्यांनी तीन दिवस ठेवले आहेत ते जगभरातल्या लोकांना एकदा तरी सवडीने वाचता यावं म्हणून. आमच्याकडे आधी उलट चालायचं. होकार आल्याशिवाय काही हलायचं नाही, आणि होकार द्यायला कुणाला वेळ नसायचा. आता गप्प बसलेल्याचा होकार धरतो. पहिल्या महिन्यात दोघे चिडले, "आम्हाला विचारलं नाही." विचारलं होतं. त्यांनी वाचलं नव्हतं.

हे सगळं सरळ झालं असं नाही. एका नव्या मुलाला आम्ही खात्यावर लिहायचा अधिकार दिला. आठव्या दिवशी रात्री त्याने लिहिलं की, अमक्या सॉफ्टवेअरला अजून पैसे मोजणारे लोक मूर्ख आहेत. ज्या लोकांना आम्ही वर्षानुवर्षं आमच्याकडे या म्हणून बोलावत होतो, नेमके तेच ते लोक. मी झोपले होते. पण आता पासवर्ड तिघांकडे असतो. त्यांतल्या एकीने पाऊण तासात मजकूर काढला, त्या मुलाला फोन केला, आणि दिलगिरी त्याच्याकडूनच लिहवून घेतली. सकाळी उठले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. जुनी मी असते तर त्या दिवशी सगळे अधिकार परत घेतले असते, आणि मनातून थोडी खूशही झाले असते की बघा, मी म्हणत नव्हते? आम्ही फक्त दोन गोष्टी लिहून ठेवल्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरची आणि ते वापरणाऱ्यांची टिंगल करायची नाही. आणि नव्या माणसाचा मजकूर पहिला महिनाभर दुसऱ्या कुणीतरी वाचून मगच जाईल. तो मुलगा अजून आहे. आता नव्यांचा मजकूर तोच वाचतो, आणि माझ्यापेक्षा कडक आहे.

काही गोष्टी वाटायच्या नसतातच, हेही सांगायला हवं. सुरक्षेतली त्रुटी सापडली असेल तर ती कधी आणि कोणत्या शब्दांत जाहीर करायची, हे प्रसारवाल्यांनी ठरवायचं काम नव्हे. दुरुस्ती तयार होईपर्यंत तोंड मिटून राहायचं, आणि सुरक्षेचं बघणारे सांगतील तेव्हा सांगतील तेवढंच बोलायचं. तसंच मोठी गर्दी बोलवायच्या आधी ती पेलणाऱ्यांना विचारायचं. फायरफॉक्स ३ च्या वेळी, १७ जून २००८ ला, २४ तासांत सर्वाधिक डाउनलोडचा विक्रम करायचं ठरलं होतं आणि झालाही, ८०,०२,५३० डाउनलोड, गिनेसमध्ये नोंद. पण सुरुवातीलाच इतकी झुंबड उडाली की त्यांची साइटच कोलमडली होती. निमंत्रणं एकाने वाटायची आणि दारात दुसऱ्याने उभं राहायचं, अशा वेळी आधी दोघांचं बोलणं झालेलं बरं.

नाव, खाती, डोमेन (साइटचा पत्ता) या गोष्टी कुणा एकाच्या खिशात नकोत, याचं उदाहरण तर फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे. ओपनऑफिस डॉट ऑर्ग या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरचा प्रसार स्वयंसेवकांनी दहा वर्षं केला, देशोदेशी नेमलेली संपर्क-माणसं होती. २८ सप्टेंबर २०१० ला त्यातल्या बऱ्याच मंडळींनी वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं. सोर्स कोड खुला होता, तो त्यांना नेता आला. नाव ओरॅकल कंपनीच्या मालकीचं होतं, ते मागूनही मिळालं नाही. म्हणून लिब्रेऑफिस हे नाव घेऊन ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागली. कोडला परवाना असतो, तो सगळे वाचतात. दहा वर्षं घसा कोरडा करून ज्या नावाचा प्रसार केला ते नाव कोणाचं, हे प्रसार करणाऱ्यांनी आधी विचारायला हवं. आमच्या प्रकल्पात मी विचारलं तेव्हा कळलं की डोमेन एका जुन्या सदस्याच्या वैयक्तिक कार्डावर दरवर्षी नूतनीकरण होत होतं, आणि तो सदस्य तीन वर्षं आमच्याकडे फिरकला नव्हता. पैसे मात्र मुकाट भरत होता, देव त्याचं भलं करो.

राहता राहिली गायब होणारी माणसं. लेखकाला वाटतं तसा त्यांचा उत्साह आटलेला नसतो. बहुतेक जण लाजेने गायब होतात. काम अंगावर घेतलं, आठवडा गेला, झालं नाही. दुसरा आठवडा गेला, आता कोणत्या तोंडाने सांगायचं? मग ग्रुपवरचे मेसेज उघडणंच बंद. काम न होण्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं ते न कळण्याने होतं. म्हणून आता कुठलीही जबाबदारी आम्ही तीन महिन्यांसाठीच देतो. मुदत संपली की ती आपोआप सुटते, चालू ठेवायची असेल तर सांगावं लागतं. मधेही मी एक ठरलेला मेसेज पाठवते. "या महिन्यात जमेल का? जमणार नसेल तर 'नाही' एवढंच लिहा. कारण सांगू नका." या शेवटच्या तीन शब्दांवर माझ्याच गटातल्यांनी नाकं मुरडली होती, फार रूक्ष वाटतं म्हणून. पण कारण मागितलं की माणूस कारण तयार करत बसतो, आणि कारण पटण्यासारखं नसलं तर उत्तरच देत नाही. पहिल्यांदा हा मेसेज पाठवला तेव्हा अकरापैकी चौघांनी "नाही" लिहिलं. त्यांतले तिघे पुढच्या दोन वर्षांत परत आले. आधी गेलेल्यांपैकी कुणीही परत आलेलं मला आठवत नाही.

निळ्या पोस्टरवाल्या मुलाला मी मागच्या वर्षी मेल केला. सातव्या क्रमांकाचं सांगितलं. त्याने हसण्याचं चिन्ह पाठवलं, बाकी काही नाही. फाइल माझ्याकडे होतीच. यंदाच्या संमेलनासाठी पोस्टर करायला घेतलेल्या मुलीला मी ती दाखवली, आणि त्याला विचारून त्याचं नाव कोपऱ्यात घातलं. तिने स्वल्पविराम आणखी मोठा केला आहे.

लेखाखाली आपण "इच्छुकांनी अशा प्रकल्पांना हातभार लावावा" असं आवाहन केलं आहे, ते चांगलंच आहे. जमलं तर पुढच्या लेखात एक वाक्य समन्वयकांसाठीही घालावं. त्यांच्या तक्त्यात "निर्णय कोणाचा" असा रकाना आहे का, आणि त्यात किती नावं आहेत, एवढं विचारलं तरी पुरे.

पत्र आपल्या जागेच्या मानाने फारच लांबलं आहे. हवी तशी काटछाट करा, मला विचारू नका. फक्त २००४ चं २०४० होणार नाही, तेवढं पाहा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)